एब्लेस्कीवर घरी करताना सफरचंदाचे सारण आत कसे भरावे? आप्पेपात्र चालेल का?

प्रश्न – ऑर्हुसवासी

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्मार्कमधील ऑर्हुस शहरात राहतो. अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी दुसऱ्या रविवारी आमच्या इमारतीतील शेजारी यंदा आमच्याकडे जमणार आहेत. त्यांना दुकानातील गोठवलेली एब्लेस्कीवर ओव्हनमध्ये गरम करून देण्यापेक्षा ती घरी, आणि तीही जुन्या रीतीप्रमाणे आत सफरचंद घालून करावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खळगे असलेल्या बिडाच्या तव्यात लोण्यावर भाजलेले, चेंडूसारखे गोल आणि आतून हलके असे हे गोड धिरडे असते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळापर्यंत इथल्या प्रत्येक घरात, शाळेत आणि कार्यालयात ते जॅम आणि पिठीसाखरेबरोबर खाल्ले जाते.

माझ्या शंका अशा आहेत. सारण नेमके कोणत्या क्षणी घालावे, आणि ते तळाला जाऊन करपू नये म्हणून काय करावे? आमच्याकडे पुण्याहून आणलेले आप्पेपात्र आहे, त्यात हा पदार्थ खरोखर गोल होईल की डॅनिश तवा विकत घेणेच योग्य ठरेल? शिवाय सासूबाई त्या सुमारास सांगलीहून आलेल्या असतील आणि त्या अंडी खात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी अंड्याविना करता येण्यासारखी एखादी रीत आहे का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – फ्यूनकर

आपण सारण घालून करण्याचे ठरवले आहे याचा फार आनंद झाला. आज डेन्मार्कमध्ये विकत मिळणाऱ्या बहुतेक एब्लेस्कीवरमध्ये सफरचंदाचा एक तुकडाही नसतो, आणि इथल्या तरुण पिढीतील कित्येकांनी ते तसे कधी खाल्लेलेच नाहीत. जुन्या घरांमध्ये मात्र सफरचंदाच्या फोडी, सफरचंदाचा आटवलेला गर किंवा बी काढलेले सुके आलुबुखार आत घालण्याची पद्धत होती. आपल्या वयस्क शेजाऱ्यांना तो घास ओळखीचा वाटण्याची बरीच शक्यता आहे.

प्रथम पिठाविषयी लिहितो. २५० ग्रॅम मैद्यात एक मोठा चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, एक लहान चमचा वेलदोड्याची पूड आणि एका लिंबाची किसलेली साल एकत्र करावी. किसताना सालीखालचा पांढरा भाग येऊ देऊ नये, कारण तो कडू लागतो. त्यात ३ अंड्यांचा पिवळा बलक, ४०० मिलिलिटर डॅनिश ताक आणि ५० ग्रॅम वितळवून कोमट केलेले लोणी घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. फार घोटले तर मैद्याला चिवटपणा येतो आणि आतला भाग रबरासारखा होतो. हे पीठ अर्धा तास झाकून ठेवावे, आणि तवा तापायला ठेवल्यानंतरच अंड्यांचा पांढरा भाग ताठ फेटून, दोन-तीन वेळा थोडा थोडा घालत, खालून वर असा हलक्या हाताने मिसळावा. या पदार्थाचा हलकेपणा मुख्यतः त्या फेटलेल्या पांढऱ्या भागातील हवेवर अवलंबून असतो, म्हणून तो मिसळल्यावर पीठ ताटकळत ठेवू नये. एवढ्या पिठात साधारण २५ ते ३० नग होतात.

वेलदोड्याबद्दल एक सूचना करतो. इथे बरणीत मिळणारी पूड बरेचदा जुनी असते आणि तिचा सुगंध उडून गेलेला असतो. आपण घरी दाणे कुटून घेणार असाल तर अर्धा चमचाही पुरेल, नाहीतर सफरचंदाची चव मागे पडते.

आता सारण. सफरचंद आंबटसर आणि घट्ट गराचे घ्यावे. बेल द बोस्कोप ही जात शिजवण्यासाठी उत्तम आहे, आणि फ्यून बेटावर उगम पावलेले इंग्रिड मारी हे सफरचंद तर डिसेंबरमध्ये सहज मिळते. ग्रोस्टेन सफरचंदाचा डॅनिश लोकांना मोठा अभिमान आहे, परंतु ते शरदाच्या सुरुवातीला तयार होते आणि नाताळापर्यंत त्याचा करकरीतपणा टिकत नाही. सफरचंद सोलून त्याचे सुमारे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करावेत, आणि थोडे लोणी, साखर व दालचिनीची पूड घालून मध्यम आचेवर, सुटलेले पाणी पूर्णपणे आटेपर्यंत परतावेत. तुकडे आकार धरून राहिले पाहिजेत आणि बोटाला चिकटसर लागले पाहिजेत. ते पूर्ण गार झाल्याशिवाय वापरू नयेत. ओले सारण आत वाफ धरते, त्या वाफेने कवच फुटते आणि बाहेर आलेली साखर बिडाला चिकटून करपते. जॅम आत भरण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याच कारणासाठी तो टाळावा. शिवाय आतला जॅम उकळत्या साखरेइतका तापतो आणि लहान मुलांची जीभ भाजते.

तुमचा मुख्य प्रश्न क्षणाचा आहे. त्यासाठी हा पदार्थ गोल कसा होतो हे आधी ध्यानात घ्यावे लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. खळग्यात अर्धा चमचा लोणी घालावे, ते फेसाळून फेस बसू लागला की तीन चतुर्थांश भरेल इतके पीठ ओतावे. एक-दीड मिनिटात कडा घट्ट होते आणि बिडाला लागून एक पातळ कवच तयार होते, मात्र मध्यभाग पातळच असतो. सारण घालण्याची वेळ हीच. याआधी घातले तर तुकडे सरळ तळाला जाऊन बिडाला टेकतात, आणि उशिरा घातले तर ते वरच अडकून राहतात. लगेच विणकामाची बारीक सुई किंवा लाकडी काडी कडेने खुपसून कवच थोडे वर ओढावे आणि पाव वळसा द्यावा, म्हणजे कवच वाटीसारखे एका कुशीवर उभे राहते. आतले कच्चे पीठ वाहून खळग्याच्या तळाशी येते आणि तिथे कवचाचा पुढचा भाग धरतो. थोड्या वेळाने पुन्हा पाव वळसा द्यावा, आणि शेवटी उरलेले तोंड खाली करून बंद करावे. पीठ अशा रीतीने बाहेरच्या बाजूला वाहत गेल्यामुळे आत थोडी पोकळी राहते आणि सारण त्या पोकळीत बसते. एकाच झटक्यात पूर्ण उलटले तर दोन चपट्या पाठी जोडल्यासारखा आकार येतो, मधले पीठ कच्चे राहते, आणि सारण एका बाजूला जाऊन बसते.

तोंड बंद झाल्यानंतर आच थोडी कमी करून ते अधूनमधून फिरवत राहावेत. एका घाण्याला एकूण ५ ते ६ मिनिटे लागतात. बारीक काडी खुपसून पाहावी, तिला पीठ लागले नाही म्हणजे झाले.

उत्तर – बिडाचा तवा

फ्यूनकरांनी कृती उत्तम सांगितली आहे. मी भांड्यापुरते लिहितो, कारण माझ्या मते या पदार्थाचे निम्मे यश भांड्यात असते.

डॅनिश तव्याला बहुधा ७ खळगे असतात, एक मध्ये आणि सहा भोवती. प्रत्येक खळगा जवळजवळ अर्धगोल असतो, त्यामुळे वळसे देत गेले की दोन अर्ध मिळून पूर्ण गोल तयार होतो. आप्पेपात्राचे खळगे सहसा लहान असतात आणि त्यांची खोली रुंदीच्या मानाने कमी असते. आप्प्यांना तेवढी खोली पुरते, कारण आपण आप्पे एकदाच उलटतो आणि ते दोन्ही बाजूंनी किंचित चपटे असणे आपल्याला खटकत नाही. तेव्हा आपल्या पात्रात हा पदार्थ निश्चित होईल आणि चवीत फरक पडणार नाही, मात्र त्यासाठी सफरचंदाचे तुकडे अर्ध्या सेंटिमीटरचे करावेत, प्रत्येक खळग्यात एक किंवा दोनच घालावेत, आणि पीठ जवळजवळ काठापर्यंत भरावे, म्हणजे पाव वळसा देताना वाहण्यापुरते पीठ शिल्लक राहते. खळगा उथळ असल्यामुळे कवच लवकर धरते, म्हणून पहिला वळसाही लवकर द्यावा लागतो.

खरी अडचण शेगडीची आहे. डेन्मार्कमधील बहुतेक नव्या घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचे आप्पेपात्र तिच्यावर तापतच नाही. लोहचुंबक पात्राच्या बुडाला चिकटतो का, एवढे आधी पाहून घ्यावे. बिडाचे असेल तर ते तापेल, पण बूड सपाट आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे. इथल्या जुन्या बाजारात डॅनिश तवे स्वस्तात मिळतात आणि त्यांचे बीड आजच्या अनेक तव्यांपेक्षा चांगले असते, परंतु त्यांतील काहींच्या बुडाला गोल उंच कडा असते, कारण ते लाकडाच्या चुलीच्या तोंडावर बसवण्यासाठी घडवलेले होते. तशा तव्याचा काचेच्या शेगडीला नीट स्पर्श होत नाही आणि काचेवर ओरखडेही पडतात.

जुना तवा घेतलाच तर तो आपल्या बिडाच्या तव्याप्रमाणेच वळवून घ्यावा. गंज घासून काढावा, तवा कोरडा तापवावा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवावा, आणि हे काही वेळा करावे. त्यानंतर त्याला साबण लावू नये व ओला ठेवू नये. पहिला घाणा बहुतेक वेळा चिकटतो, म्हणून तो पाहुण्यांसाठी मोजू नये.

बीड सावकाश तापते आणि तापल्यावर लवकर निवत नाही. सुरुवातीलाच आच मोठी ठेवली तर पाचव्या मिनिटाला बाहेरून काळे आणि आतून कच्चे असे नग मिळतात. मध्यम आचेवर तवा चांगली ७–८ मिनिटे तापू द्यावा. मधला खळगा बहुधा कडेच्या खळग्यांपेक्षा अधिक तापतो, म्हणून आकार धरल्यावर मधला नग कडेला आणि कडेचा मध्ये असे फिरवत राहावे. लोण्याऐवजी साजूक तूप वापरून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. लोण्यातील दुधाचा अंश तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून करपू लागतो आणि खळग्यात काळे कण राहतात, तुपात तो अंश नसल्यामुळे शेवटचा घाणाही पहिल्याइतकाच सोनेरी निघतो. पूर्वी डॅनिश घरांत डुकराची चरबीही यासाठी वापरत असत, म्हणून बाहेर कुठे हे खाताना शाकाहारी मंडळींनी विचारून घेतलेले बरे.

उत्तर – आंबवण

सासूबाईंसाठी लिहिते. फ्यूनकरांच्या कृतीतील अंडी नुसती वगळून चालणार नाही, कारण फेटलेल्या पांढऱ्या भागाची जागा घेणारे काहीच मग पिठात उरत नाही. त्याऐवजी यीस्टची वाट धरावी. यीस्ट घालून एब्लेस्कीवर करण्याची रीत डेन्मार्कमध्येही जुनीच आहे. त्यातही बहुतेक घरी अंडे घालतात, पण यीस्टच्या पिठाला अंड्यावाचून फारसे अडत नाही.

२५० ग्रॅम मैद्यासाठी ३०० मिलिलिटर कोमट दुधात १५ ग्रॅम ताजे यीस्ट विरघळवावे. इथे ते ५० ग्रॅमच्या लहान वड्यांत मिळते, त्यामुळे एका वडीचा तिसरा हिस्सा धरला तरी चालते. त्यात एक मोठा चमचा साखर, मीठ, वेलदोडा, लिंबाची साल, दोन मोठे चमचे घट्ट दही आणि दोन मोठे चमचे वितळलेले तूप घालावे. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा किंचित पातळ, चमच्यावरून जाडसर पट्टीने पडेल असे असावे. उबदार जागी झाकून सुमारे एक तास ठेवले की ते फुगून जाळीदार होते. त्यानंतर ते ढवळू नये, चमच्याने कडेकडेने उचलून तसेच खळग्यात सोडावे, नाहीतर फुगलेली हवा निघून जाते. हे पीठ अंड्याच्या पिठापेक्षा कमी वाहते, म्हणून पाव वळशांच्या वेळी ते आपोआप तळाशी येत नाही. त्यामुळे खळगा अर्धा भरावा, सफरचंद ठेवावे, वरून चमचाभर पीठ घालून झाकावे, आणि मग वळसे द्यावेत. आतली पोकळी कमी राहते आणि घास किंचित पावासारखा लागतो, परंतु सफरचंद व दालचिनीबरोबर तो मला तर अधिकच आवडतो.

दही, सोडा आणि बेकिंग पावडर घालून झटपट करण्याची रीतही आहे, पण गार झाल्यावर ते नग घट्ट होतात. पाहुण्यांच्या दिवशी तिच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

एक गोष्ट महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी. डॅनिश ताक आपल्या पिण्याच्या ताकापेक्षा बरेच दाट आणि आंबट असते. आपले पातळ ताक मोजून ४०० मिलिलिटर घातले तर पीठ पाण्यासारखे होईल. त्याऐवजी २५० मिलिलिटर आंबटसर दही आणि १५० मिलिलिटर दूध घुसळून घ्यावे. त्या आंबटपणाची सोड्याला गरज असते, म्हणून नुसते दूध घालू नये.

आणखी एक, कामाच्या क्रमाचे. सासूबाईंचा घाणा आधी काढावा. अंड्याच्या पिठाने माखलेल्या तव्यातच नंतर त्यांचे करणे त्यांना रुचणार नाही.

उत्तर – सांता बार्बराहून

मी कॅलिफोर्नियातून लिहितो. आमच्यापासून जवळच सॉल्व्हँग नावाचे गाव आहे, ते डॅनिश स्थलांतरितांनी १९११ मध्ये वसवले. तिथे हा पदार्थ नाताळापुरता राखून ठेवलेला नाही, वर्षभर सकाळच्या न्याहारीला मिळतो आणि गावाच्या डॅनिश उत्सवात तर मेडिस्टर नावाच्या जाड सॉसेजबरोबर वाढला जातो. गोड आणि खारट असे शेजारी वाढण्याची ती पद्धत मला पहिल्यांदा विचित्र वाटली होती, आता आवडते.

सारणाबाबत मात्र माझे मत वरच्या दोघांहून वेगळे आहे. सॉल्व्हँगमध्ये आणि आजच्या डेन्मार्कमध्येही जे रूढ आहे, म्हणजे आत काही न घालता वर रास्पबेरीचा जॅम आणि भरपूर पिठीसाखर, ते काही आळसातून आलेले नाही. आत काही नसले की कवच सगळीकडून सारखे भाजले जाते, आतला भाग अधिक हलका होतो, आणि गरम घासाला गार, आंबट जॅम लागल्यावर जी चव येते ती आत शिजलेल्या सफरचंदाने येत नाही. आपल्याकडे बारा-पंधरा माणसे असतील तर तवाभर सारणाचे आणि तवाभर साधे, असे दोन्ही करावेत. इमारतीतील मुले साध्यांवरच तुटून पडतील, असे मला वाटते.

उत्तर – फ्यूनकर

सांता बार्बराच्या सद्‌गृहस्थांनी मांडलेला मुद्दा मला मान्य आहे, पण पूर्णपणे नाही. जॅमचा गारवा आणि आंबटपणा हवाच, आणि तो सारणाच्या नगांबरोबरही घेता येतो. सफरचंद आंबट जातीचे घेतले आणि साखर जपून घातली तर त्या दोन चवी एकमेकींना मारत नाहीत. साध्या नगाची चव जॅमवर अवलंबून असते, तर सारणाच्या नगात मधोमध एक ओलसर, दालचिनीचा वास असलेला तुकडा सापडतो, आणि जुन्या डॅनिश घरांतील माणसे याच नगाची आठवण काढतात. तरी दोन्ही प्रकार करण्याची सूचना उत्तम आहे, आणि पीठ एकच असल्यामुळे कष्टही वाढत नाहीत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – ऑर्हुसवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचे आप्पेपात्र ॲल्युमिनियमचे निघाले आणि शेगडी इंडक्शनची आहे, त्यामुळे सपाट बुडाचा बिडाचा तवा घेण्याचे ठरवले आहे. सासूबाईंसाठी यीस्टचे पीठ करीन. आता एकच विचारायचे राहिले. ७ खळग्यांच्या तव्यात पंधरा माणसांसाठी करायचे तर पाहुणे आल्यावर मी तासभर शेगडीपाशीच उभा राहीन. आधी करून ठेवता येतात का, आणि बरोबर काय वाढावे?

उत्तर – फ्यूनकर

आधी करून ठेवता येतात, आणि डॅनिश घरांतही बहुतेक जण तसेच करतात. पूर्ण भाजलेले नग जाळीवर एकमेकांना न चिकटतील असे पसरून गार होऊ द्यावेत. गरम असताना डब्यात भरले तर वाफेने कवच मऊ पडते. त्याच दिवशी वाढायचे असतील तर बाहेर ठेवून चालते, अधिक आधी करायचे असतील तर गोठवावेत. वाढण्यापूर्वी ओव्हन १८० अंशांवर तापवून त्यात जाळीवरच ठेवावेत. ताज्यांना ६–७ मिनिटे आणि गोठवलेल्यांना १२ ते १५ मिनिटे पुरतात, म्हणजे बाहेरचा पापुद्रा पुन्हा खुसखुशीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये ते चामड्यासारखे होतात. सारणाचे नग मात्र ओव्हनमधून काढल्यावर दोन मिनिटे थांबून मगच मुलांच्या हाती द्यावेत, कारण सफरचंद बाहेरच्या भागापेक्षा अधिक काळ गरम राहते.

तरीही शेवटचे एक-दोन घाणे पाहुण्यांसमोर काढण्यासाठी थोडे पीठ राखून ठेवावे. अंड्याच्या पिठासाठी पांढरा भाग तेव्हाच फेटावा. तव्यातून थेट ताटलीत आलेल्या नगाची सर ओव्हनमध्ये गरम केलेल्याला येत नाही, आणि शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी सुई हातात घ्यायची इच्छा होईलच. इथल्या घरोघरी वळसा देण्याची आपापली रीत असते, आणि ती दाखवताना माणसे मनमोकळी बोलू लागतात.

वाढताना प्रत्येकासमोर लहान वाटीत स्ट्रॉबेरीचा किंवा रास्पबेरीचा जॅम आणि दुसऱ्या वाटीत पिठीसाखर ठेवावी. हाताने उचलायचे, आधी जॅममध्ये आणि मग साखरेत बुडवायचे, अशी इथली रीत आहे, काटा-सुरी मांडण्याची गरज नाही. बरोबर ग्लॉग द्यावा, म्हणजे दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि संत्र्याची साल घालून गरम केलेली लाल वाइन, जिच्यात बेदाणे आणि बदामाचे काप असतात. ती उकळू देऊ नये. मुलांसाठी आणि वाइन न घेणाऱ्यांसाठी तोच मसाला काळ्या मनुकांच्या नव्हे तर ब्लॅककरंटच्या, म्हणजे इथल्या सोल्बेरच्या रसात घालून गरम करावा. तो मसाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडला तर गाळण्याचे काम वाचते, आणि बेदाणे आदल्या रात्री थोड्या रसात भिजवून ठेवले तर ते टपोरे फुगतात.